दुखणं अंगावर काढू नका : उंच डोंगरांच्या तयारीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही उंचावरच्या ट्रेकविषयी प्रश्न मागवले होते आणि पत्रं भरभरून आली. बहुतेकांनी बूट, जॅकेट, धावणं, गोळ्या यांविषयी विचारलं आहे. त्यांची उत्तरं देतेच. पण तुकडीप्रमुख म्हणून डोंगरात जाताना मला कायम सगळ्यात जास्त काळजी वाटत आली आहे ती त्रास होत असूनही गप्प बसणाऱ्या माणसाची. त्यामुळे प्रश्न कुठलाही असो, माझं बोलणं फिरून त्या मुद्द्यावर येईल, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : ताई, माझं वय 46. आठवड्यातून चार दिवस मी दहा किलोमीटर धावतो, अर्धमॅरेथॉनही पूर्ण केली आहे. सहा महिन्यांनी एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं ठरवलंय. इतका व्यायाम असल्यावर मला उंचीचा त्रास होणार नाही, बरोबर ना?

नाही, असं गृहीत धरू नका. तुमच्या धावण्याचा उपयोग नक्की होईल. दिवसभर चालून तुम्ही कमी थकाल, दुसऱ्या दिवशी लवकर ताजेतवाने व्हाल. पण उंचीचा त्रास कुणाला होणार हे दमसासावरून ठरत नाही. भारतीय सैन्यातले तरुण, कसलेले जवान हिमालयात एकदम उंचावर न्यावे लागले, तेव्हा त्यांच्यात हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1900हून अधिक सैनिकांच्या नोंदी तपासून 1969 साली त्यावर शोधनिबंध लिहिला. त्या मुलांच्या तंदुरुस्तीविषयी कुणाला शंका असण्याचं कारण नव्हतं.

काय होतं ते थोडक्यात सांगते. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण वर गेल्यावरही तेच राहतं, सुमारे 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे प्रत्येक श्वासात छातीत जाणारा प्राणवायूच कमी. शरीर यावर उपाय शोधतं. श्वास जलद आणि खोल होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडं रक्तातला क्षार बाहेर टाकून तो वाढलेला श्वास टिकवायला मदत करतात आणि पुढच्या काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. यातल्या प्रत्येक गोष्टीला आपापला वेळ लागतो आणि तो धावून कमी करता येत नाही. राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर 8 मे 1978 रोजी बाटलीतल्या प्राणवायूशिवाय एव्हरेस्टवर पोहोचले, त्यामागे आठवड्यांचं सरावणं होतं. समुद्रसपाटीवरून एखाद्याला उचलून थेट त्या माथ्यावर ठेवलं, तर काही मिनिटांत त्याची शुद्ध हरपेल.

म्हणून सहा महिन्यांतलं तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम कार्यक्रमाचा कागद नीट वाचण्याचं आहे. रोजचा मुक्काम किती उंचीवर, एवढंच त्यातून वेगळं काढून लिहा. दिवसभरात कितीही चढलात तरी चालेल, मोजायची ती झोपायची उंची. 3000 मीटरच्या वर ती एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी, असा सर्वमान्य नियम आहे. तुमच्या वाटेवर नामचे बाजार 3440 मीटरवर आहे आणि दिंगबोचे साधारण 4400 मीटरवर. या दोन्ही ठिकाणी दोन-दोन रात्री आहेत का, ते पाहा. एखाद्या संयोजकानं त्यातली एकेक रात्र कापून ‘दोन दिवस वाचतील’ असं सांगितलं, तर तिथून उठून या. शिवाय शेवटाला दोन दिवस मोकळे ठेवा. ज्याचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी असतं, तो माणूस डोकं दुखत असतानाही वर चालत राहतो. हे मी वारंवार पाहिलं आहे.

आणि धावणाऱ्यांना एक खास विनंती. तुमचा दम चांगला असल्यामुळे तुम्ही सगळ्यांच्या पुढे जाल, मुक्कामी तासभर आधी पोहोचाल, आणि संध्याकाळी डोकं धरून बसाल. वर चालताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग ठेवा. पहिले तीन-चार दिवस मुद्दाम मागे राहा.

प्रश्न : मागच्या वर्षी 4200 मीटरच्या मुक्कामी माझं डोकं रात्रभर ठणकत होतं. सोबतच्यांनी सांगितलं, ‘पाणी पी, सगळ्यांचंच दुखतं.’ सकाळी मी कुणाला काही न बोलता पुढे गेले. सुदैवानं काही झालं नाही. पण कुठलं दुखणं साधं आणि कुठलं धोक्याचं, हे ओळखायचं कसं?

या अंकातल्या सगळ्या पत्रांतलं हे पत्र मला सर्वांत मोलाचं वाटलं. उत्तर लांबेल, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

उंचावर पोहोचल्यावर साधारण सहा ते बारा तासांत डोकं दुखायला लागलं आणि सोबत मळमळ, चक्कर, अन्नावरची वासना उडणं किंवा नेहमीपेक्षा जास्त थकवा यांपैकी काही असेल, तर तो उंचीचा आजार धरायचा. ऊन लागलं असेल, सर्दी असेल, जेवण बाधलं असेल, या शक्यता नंतर. आधी उंचीचाच आजार मानून वागायचं आणि तो नाही याची खात्री पटेपर्यंत वर जायचं नाही. बसा, पाणी घ्या, थोडं खा, तुम्हाला चालत असेल ती साधी वेदनाशामक गोळी घ्या. दुखणं पूर्ण थांबलं, रात्री झोप लागली, सकाळी भूक लागली, तर पुढे जायला हरकत नाही. सकाळीही तसंच असेल तर तो दिवस तिथंच काढा. वाढलं असेल तर खाली उतरा. सकाळी निघण्यापूर्वी हे ठरवण्याची संधी तुमच्या सोबत्यांना मिळायला हवी होती आणि न बोलल्यामुळे ती गेली.

‘पाणी पी’ या सल्ल्याविषयीही सांगते. वर कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जातं, लघवीही जास्त होते, म्हणून पाणी लागतंच. पण पाण्यानं उंचीचा आजार बरा होत नाही. उलट लिटरवर लिटर पाणी ढोसल्यानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्याची लक्षणंही डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण अशीच असतात. लघवी फिकट पिवळी होत असेल तर तुमचं पाणी पुरेसं आहे.

आता जिवावर बेतणारे दोन प्रकार. पहिल्यात मेंदूला सूज येते. माणूस चिडचिडा किंवा सुस्त होतो, असंबद्ध बोलतो, आणि त्याचा तोल जातो. हा तोल तपासायची पद्धत प्रत्येकानं घरी शिकून जावं. तंबूजवळच्या सपाट जागेवर चार-पाच मीटरची सरळ रेघ आखायची. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत त्या रेघेवरून चालत जायचं, वळायचं, परत यायचं. निरोगी माणूस थकलेला असला तरी हे करतो. ज्याचा पाय रेघेबाहेर पडतो, जो हात पसरून झोक सावरतो किंवा वळताना कोलमडतो, त्याला त्याच क्षणी खाली न्यायचं. रात्र असली तरी, पाऊस असला तरी. माझ्या तुकडीतला एक तरुण एकदा जेवणानंतर बुटाची नाडी बांधत बसला होता. टोकं हातात धरायचा, फास करायचा, सोडायचा, पुन्हा तसंच. तोंडानं म्हणत होता, ‘मी एकदम ठीक आहे.’ रेघेवर तिसऱ्या पावलाला तो बाजूला झुकला. बॅटरीच्या उजेडात दोघांनी धरून त्याला सहाशे मीटर खाली आणलं. पहाट व्हायच्या आत तो नीट बोलायला लागला होता.

दुसऱ्या प्रकारात फुप्फुसात पाणी भरतं. हा बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्री गाठतो. सुरुवात कोरड्या खोकल्यानं होते आणि जो काल सगळ्यांबरोबर चालत होता तो आज सारखा मागे पडतो. पुढे बसल्या जागी धाप लागते, आडवं पडवत नाही, ओठ-नखं निळसर दिसतात, शेवटी गुलाबी फेस येतो. तिथपर्यंत वाट पाहायची नसते. विश्रांती घेतल्यावरही धाप थांबत नसेल तर पुरे, खाली चला. त्या माणसाला चालायचे श्रमही कमीत कमी पडू द्या, पाठीवरचं ओझं आधी काढून घ्या.

दोन्हींवर मुख्य उपाय एकच, उतरणं. तीनशे ते हजार मीटर खाली आलं की बहुतेकांना फरक पडतो. ऑक्सिजनचा सिलिंडर, डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही औषधं, माणसाला आत झोपवून दाब वाढवायची पिशवी, ही सगळी साधनं उतरण्याची सोय होईपर्यंत वेळ मिळवून देतात. ती तुकडीजवळ असावीत आणि ती कधी वापरायची हे माहीत असलेला माणूसही असावा. आजाऱ्याला एकट्याला कधीही खाली पाठवू नका.

ज्याला त्रास होतोय त्यालाच तो ओळखता येत नाही, ही यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. 1875 साली ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच संशोधक आठ हजार मीटरच्या वर गेले. प्राणवायूच्या पिशव्या त्यांच्या हाताशी होत्या. पण त्या तोंडाला लावायची गरज कळेपर्यंत हात उचलायची ताकदच उरली नव्हती. दोघे मेले, गास्तों तिसांदिए एकटा वाचला आणि आपल्याला त्या वेळी कसलाही त्रास जाणवत नव्हता, उलट आनंद वाटत होता, असं त्यानं लिहून ठेवलं. म्हणून आम्ही तुकडीत जोड्या लावतो. रोज संध्याकाळी आणि रोज सकाळी जोडीदारानं जोडीदाराला चार प्रश्न विचारायचे : डोकं कसं आहे, जेवलास का, झोप लागली का, लघवी कितीदा झाली. उत्तर प्रमुखाला सांगायचं ते जोडीदारानं, स्वतः नाही. यामुळे संकोचणारी माणसंही बोलती होतात. तुमच्या पुढच्या ट्रेकला ही पद्धत तुम्हीच सुरू करा.

प्रश्न : डायमॉक्स घ्यावी की नाही? काही जण म्हणतात, त्यानं लक्षणं दबतात.

डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. ती लक्षणं दाबत नाही. मूत्रपिंडांना क्षार बाहेर टाकायला लावून ती श्वास वाढवते, म्हणजे शरीर जे सावकाश करणार असतं ते थोडं लवकर घडवते. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. कार्यक्रम नीट टप्प्याटप्प्यानं आखलेला असेल तर अनेकांना तिची गरज पडत नाही. ज्यांना पूर्वी त्रास झालाय, किंवा विमानानं थेट साडेतीन हजार मीटरवर उतरावं लागणार आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलून जरूर घ्यावी. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला जास्त जावं लागतं, त्यानं घाबरू नका. निघण्यापूर्वी घरीच दोन दिवस घेऊन पाहिलेली बरी.

गोळी खिशात आहे म्हणून एका दिवसात हजार मीटर वर जाऊन झोपायचं, हे मात्र कुणी करू नये. आणि वर झोप येत नाही म्हणून झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेऊ नका. झोपेत काही सेकंद श्वास थांबून एकदम जोरात सुरू होणं उंचावर नेहमीचं आहे. त्यानं दचकून जाग येते, भीती वाटते, पण तेवढं एकच लक्षण असेल तर ते आजाराचं नव्हे.

प्रश्न : मी बैठं काम करते. जिमला जायला वेळ नाही. इमारतीचे जिने आहेत, त्यावर भागेल का?

उत्तम भागेल. जिने आणि पाठीवर पिशवी, एवढ्यावर मी कितीतरी जणांना तयार झालेलं पाहिलं आहे. किमान चार महिने हातात ठेवा. पहिला महिना ओझ्याशिवाय, पायांना सवय होईपर्यंत. मग पाण्याच्या बाटल्या भरून पिशवी पाठीवर घ्या. चार किलोंपासून सुरू करा आणि हळूहळू वाढवत, ट्रेकला जितकं ओझं घ्यायचंय त्याच्या थोडं वर न्या. ज्या दिवशी गुडघे सांभाळायचे असतील त्या दिवशी वर पोहोचलात की पाणी ओतून द्या आणि रिकामी पिशवी घेऊन उतरा. झाडांना घातलंत तर वायाही जाणार नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम थोडं वजन ठेवून सावकाश उतरा. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जो ताण येतो त्याची सवय चढून होत नाही, आणि ट्रेकमध्ये गुडघे बोलायला लागतात ते परतीच्या वाटेवर. एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय तीन आकडे मोजत खाली टेकवायचा, हा व्यायाम रोज दात घासताना केलात तरी चालेल.

सुट्टीचे सलग दोन दिवस मिळाले की दोन्ही दिवस पाच-सहा तास चाला. पहिल्या दिवशी कुणीही चालतं. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी निघणं हा खरा सराव आहे. शेवटचे दहा दिवस मात्र हलके ठेवा. आणि ताप, खोकला अंगात असताना निघू नका. छातीत कफ घेऊन वर जाणं धोक्याचं असतं. तिकिटं काढली आहेत म्हणून हे लपवणारे पुष्कळ भेटतात.

प्रश्न : महागडे बूट घेऊनही गेल्या वेळी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. बूट चुकीचे होते का?

कदाचित माप चुकलं असेल. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात, आणि जे मोजे घालून चालणार तेच घालून माप पाहा. नाडी सोडून पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट सहज शिरलं पाहिजे. मग नाडी बांधून उतरत्या फळीवर, बोटं खालच्या बाजूला करून उभे राहा आणि दोन-तीनदा पाय आपटा. अंगठा पुढे टेकला की ते माप सोडा. वर पाय सुजतात, आणि तासन्‌तास उतरताना तोच अंगठा हजारो वेळा आपटतो.

उतार सुरू होण्याआधी थांबून नाडी पुन्हा बांधायची सवय लावा. घोट्याच्या वाकणीवर, जिथे बूट दुमडतो तिथे, नाडीला दुहेरी पीळ देऊन घट्ट ओढा म्हणजे टाच मागे बसते. त्याच्या खालची नाडी सैल ठेवली तर बोटांना जागा मिळते. ट्रेकला निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस नखं सरळ कापा.

फोडांविषयी एवढंच. आधी त्या जागी नुसती ऊब लागते, मग चुरचुर, मग फोड. ऊब लागली तिथंच थांबायचं, बूट काढायचा, पाय पुसून कोरडा करायचा आणि कोपरे गोल कापलेली चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावायची. पाच मिनिटांचं काम आहे. सगळे थांबतील, उशीर होईल, म्हणून माणूस तेव्हा बोलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी सगळ्यांना तासभर थांबावं लागतं. नवे बूट मात्र ट्रेकला पहिल्यांदा घालू नका. दोन महिने जिन्यावर तेच वापरा.

प्रश्न : ऑक्सिमीटर न्यावा का? आकडा किती असला की घाबरायचं?

न्यायला हरकत नाही, पण आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा. गार बोटांवर तो बऱ्याचदा कमी दाखवतो. हात चोळून गरम करा, मिनिटभर शांत बसा, मग वाचा. एकाच उंचीवर बाकीच्यांपेक्षा एखाद्याचा आकडा बराच खाली असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवायला तो उपयोगी पडतो. आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नका.

प्रश्न : ताई, माझं वय 24. ट्रेकच्या तारखा पाळीवरच येताहेत. गोळी घेऊन पुढे ढकलू का? आणि तंबूत, पुरुषांबरोबर, हे सगळं कसं जमवायचं? विचारायलाही संकोच वाटतो.

विचारलंस हे छान केलंस. पाळीमुळे चढायचं अडत नाही. प्रवास, थंडी, श्रम यांनी ती मागेपुढेही होते, त्यामुळे तारीख नसली तरी सामान जवळ ठेवच. गोळी घ्यायची तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी निदान दोन महिने आधी बोल. खूप उंचावर रक्त दाट होतं, पाणी कमी पडतं, हालचाल थांबते. अशात काही संप्रेरकांच्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. किती उंचीवर किती दिवस राहणार, हे त्यांना नेमकं सांग. पाळीसाठीचा कप वापरायचा विचार असेल तर आधीचे तीन-चार महिने घरी सवय कर. वर बोटं बधिर असतात, पाणी बर्फगार असतं, तिथे नव्यानं शिकणं जड जातं. वापरलेलं सगळं दुहेरी बंद पिशवीत घालून खाली आणायचं, बर्फात किंवा दगडाखाली काही सोडायचं नाही.

रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आताच तपासून घे. लोह कमी निघालं तर ते भरून यायला काही आठवडे, कधी महिनेही जातात, आणि वर तांबड्या पेशी बनवायला शरीराला तेच लोह लागतं.

मला जास्त चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. रात्री तंबूबाहेर जायला नको म्हणून मुली दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, लघवीची जळजळ सुरू होते, आणि तेही कुणाला सांगितलं जात नाही. पहिल्याच दिवशी प्रमुखाला स्पष्ट विचार, शौचाची सोय कुठे आणि रात्री सोबत कोण येणार. प्रमुख पुरुष असला तरी विचार. जो प्रमुख या प्रश्नानं गांगरतो, त्याच्याबरोबर उंच जायचं का याचा फेरविचार कर.

प्रश्न : बाबा 63 वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी रोज घेतात. त्यांना 4000 मीटरपर्यंतचा ट्रेक करायचाच आहे. आम्ही घरचे घाबरलोय.

नुसत्या वयामुळे त्यांना अडवू नका. उंचीचा त्रास वय पाहून येत नाही, आणि मोठ्या वयाची माणसं सावकाश चालतात हे त्यांच्या पथ्यावरच पडतं. पाहायचं ते हृदयाकडे. हृदयरोगतज्ज्ञांकडून श्रमाची चाचणी करून घ्या. ट्रेकची कमाल उंची आणि रोजचे चालण्याचे तास कागदावर लिहून न्या, नुसतं ‘डोंगरात जायचंय’ म्हणू नका. वर गेल्यावर पहिले काही दिवस रक्तदाब वाढतो, त्यामुळे गोळी चुकवायची नाही. काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, काही लघवीवाटे पाणी काढतात. त्यांचं डायमॉक्सशी जमतं का, हेही विचारा. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला असेल किंवा थोड्या श्रमानं छातीत दुखत असेल, तर मात्र हट्ट सोडायला लावा.

औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा, एक वाटा बाबांकडे आणि एक तुमच्याकडे. आणि बाबांशी आधीच बोलून घ्या. मुलांसमोर थकवा कबूल करायचा नाही अशी या पिढीची सवय असते. आपण मागे फिरलो तर मुलांचा ट्रेक बुडेल, या विचारानं ते छातीतली कळ दाबून चालतील. ते उतरले तर त्यांच्याबरोबर कोण उतरणार, हे निघण्यापूर्वीच ठरवून त्यांना सांगा.

प्रश्न : मी एक 5000 मीटरचा ट्रेक केला आहे. पुढच्या हंगामात 6000 मीटरच्या वरच्या बर्फाळ शिखरावर जायचं आहे. थेट मोहिमेत नाव घालू का?

आधी गिर्यारोहणाचा रीतसर अभ्यासक्रम कर, मग नाव घाल. ट्रेकमध्ये पाय घसरला तर माणूस खरचटतो. कडक बर्फाच्या उतारावर घसरला तर पहिल्या काही क्षणांत बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीनं, म्हणजे आइस अ‍ॅक्सनं स्वतःला थांबवता आलं पाहिजे, आणि ते विचार न करता, दोन्ही बाजूंनी, डोकं खाली असतानाही. क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे लोखंडी दात) घालून चालणं, दोरावर एकत्र जाणं, हिमभेगेत पडलेल्याला बाहेर काढणं, हे वाचून येत नाही. घरी बसून करता येण्यासारखं एक सांगते. जाड हातमोजे घाल, दिवे बंद कर, आणि आठाची गाठ, प्रुसिक (दोर पकडून धरणारी गाठ), कॅराबिनर या कडीचा स्क्रू लावणं, हार्नेस म्हणजे कमरेचा पट्टा बांधणं हे अंधारात करून पाहा. शिखराकडे बहुधा मध्यरात्रीनंतर निघतात, कारण तेव्हा बर्फ घट्ट असतो आणि सैल दगड गोठून जागेवर असतात. त्या थंडीत हातमोजा काढून गाठ मारायची वेळ आली की बोटं जातात.

पाण्याची बाटली उलटी ठेव, पाणी वरून गोठतं म्हणून झाकण मोकळं राहतं. हेडटॉर्चच्या बॅटऱ्या झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घे. काळा चष्मा चौथ्या श्रेणीचा, म्हणजे सर्वांत गडद, आणि बाजूंनी बंद असलेला हवा. उंचीबरोबर अतिनील किरणं वाढतात, ताजा बर्फ त्यातली बरीचशी उलटी डोळ्यांत फेकतो, आणि डोळ्यांना इजा झाल्याचं काही तासांनी कळतं. ढगाळ दिवशीही तो काढायचा नाही.

आणि परत फिरायची वेळ. ती खाली, बेस कॅम्पवर, सगळ्यांचं डोकं शाबूत असताना ठरवायची आणि प्रत्येकाच्या वहीत लिहायची. 10 मे 1996 रोजी एव्हरेस्टवर दुपारी दोनची वेळ उलटून गेल्यावरही अनेक जण वर जात राहिले. संध्याकाळी वादळानं त्यांना उतारावर गाठलं आणि त्या वादळात आठ जण गेले. त्यात मोठ्या अनुभवाचे प्रमुख होते. तुझ्या प्रमुखाला आताच विचार, की वेळ झाली आणि माथा शंभर मीटरवर दिसतोय, तर तुम्ही काय करता? आणि तुकडीतल्या सर्वांत नवख्या सदस्यानं ‘मला आता जमत नाही’ म्हटलं, तर त्याच्याबरोबर कोण खाली येतं? या दोन प्रश्नांना नावानिशी, ठरलेलं उत्तर मिळालं तर ती मोहीम चांगली आहे. ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणाले तर दुसरी शोध.

प्रश्न : विमा काढलाय. तेवढा पुरे ना?

पॉलिसी उघडून उंचीची मर्यादा वाचा. प्रवासविम्यात बऱ्याचदा एका ठरावीक उंचीच्या वरचं काहीच धरत नाहीत, दोर आणि क्रॅम्पॉन वापरायचे असतील तर वेगळी अट असते, आणि हेलिकॉप्टर बोलावण्याआधी कंपनीची परवानगी लागते. तुमच्या ट्रेकची कमाल उंची लिहून त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्या. अर्जात दमा, मधुमेह, जुनं ऑपरेशन काही लपवू नका, कारण दावा नाकारायला तेवढं पुरतं. पॉलिसीचा नंबर आणि आणीबाणीचा फोन नंबर कागदावर लिहून एक प्रत प्रमुखाकडे द्या, एक जोडीदाराच्या खिशात ठेवा.